बरणीच्या गळ्यातला तुकडा

मास्तर जेवायला गेले की सुनेचं खरं काम सुरू व्हायचं.

घराच्या मागच्या अंगाला शेड होती. तिथे सासरे आणि सून मिळून जुन्या गाड्यांच्या आतली कामं करत. बैठका, दारांचे पॅड, छताचं कापड, पायाखालचा गालिचा. पत्रा आणि इंजिन यांच्याशी त्यांना कर्तव्य नव्हतं. "गाडी बाहेरून लोकांची असते, आतून मालकाची," असं मास्तर म्हणत, आणि गिऱ्हाईक हसलं की आपणही पहिल्यांदाच ऐकल्यासारखे हसत. सगळे त्यांना मास्तर म्हणत, सून बाबा म्हणे. तिच्या नवऱ्याला चामड्याच्या वासाने शिंका येत. तो विम्याच्या कचेरीत सुखी होता. लग्न होऊन आल्यावर रिकामं बसवेना म्हणून ती शेडमध्ये गेली, ती तिथलीच झाली.

मास्तर सकाळी चामडं रंगवून दोरीवर वाळत टाकत, जेवायला घरात जात आणि मग आडवे होत. तेवढ्या वेळात ती ते तुकडे दाराशी उजेडात नेई, गाडीच्या जुन्या चामड्याला लावून बघे, आणि त्यांच्या रंगावर आपल्या रंगाचा एक पातळ हात फिरवी. मास्तर झोपून उठून येत तोवर तो सुकलेला असे. ते तुकड्यावरून अंगठा फिरवत आणि समाधानाने म्हणत, "बघ, वाळला की कसा जागेवर बसतो."

"हो ना, बाबा," ती म्हणे.

रंग जुळवणं ही मास्तरांची विद्या होती. उन्हाने उडालेल्या, हातांनी काळवंडलेल्या बैठकीची शिवण ते एका ठिकाणी उसवत, दुमडीच्या आत दडलेला मूळ रंग उघडा करत आणि निव्वळ नजरेने तस्सा रंग वाटीत उतरवत. रंगांचं छापील कार्ड खणात पडून होतं. कार्ड म्हणजे आजाऱ्याची काठी, असं त्यांचं मत. प्रत्येक कामातला उरलेला रंग ते बरणीत भरून ठेवत, पुढेमागे गाडीला ओरखडा गेला तर लागतो म्हणून. बरणीच्या गळ्याला, त्याच रंगात बुडवलेला चामड्याचा एक तुकडा दोऱ्याने बांधत. भिंतभर फळीवर अशा बरण्या रांगेने उभ्या होत्या, गळ्यात ताईत घातलेल्या पोरांसारख्या.

सुनेला त्यांनी कातरण्यापासून शिवण्यापर्यंत सगळं शिकवलं, रंग सोडून. "हात सोन्याचा आहे तुझा," ते म्हणत, "पण डोळा नाही. डोळा शिकवता येत नाही, तो येताना घेऊनच यावा लागतो." यात डंख नव्हता. एखाद्याची उंची सांगावी तसं ते सांगत.

काही वर्षांपूर्वी एका दुपारी तिला दोरीवरचं मरून चामडं जांभळ्याकडे झुकलेलं दिसलं. बाबा दमले असतील, असं समजून तिने ते गुपचूप सुधारलं. पुढच्या कामात पुन्हा तेच. मग ती लक्ष ठेवू लागली. दमलेल्या माणसाच्या चुका कुठेही होतात. या चुका नेहमी निळ्याच्या बाजूलाच होत होत्या. सासूबाईंना चष्म्याच्या डॉक्टरकडे नेलं तेव्हा तिने सहज म्हणून विचारलं. मोतीबिंदू पिकत जातो तसं डोळ्यातलं भिंग पिवळं पडतं, डॉक्टर म्हणाले, आणि पहिला घास निळ्याचा घेतं. निळा जरा जास्त, जरा कमी, त्या माणसाला सगळं सारखंच, म्हणून हात निळा जास्तच ओततो.

डोळे दाखवून या, असं तिने आडून सुचवून पाहिलं होतं. मास्तरांनी बिनचष्म्याने सुईत दोरा ओवून दाखवला. "लोकांचे डोळे म्हातारपणी बिघडतात, माझे सुधारले." हेसुद्धा मोतीबिंदूचंच देणं होतं, जवळचं काही काळ उगाच स्पष्ट दिसतं, हे तिला डॉक्टरांकडून कळलं होतं. पण सांगणार कुठल्या तोंडाने? तुमचा डोळा गेला असं सांगायचं, आणि सांगणारी कोण, तर जिला डोळाच नाही ती. रंग गेला तर या माणसाकडे उरतं काय, असं तिच्या मनात येई आणि ती स्पंज उचले. एक दुपार निभावली की दुसरी निभावणं सोपं जायचं.

आणि आणखी एक गोष्ट होती, तिच्याकडे ती फारशी वळून बघत नसे. ती दुपार तिला आवडायची.

वकीलबाईंची गाडी आली ती अशातच. वकिली सोडून घरी बसलेल्या या बाईंना वडिलांची जुनी गाडी पुन्हा रस्त्यावर आणायची होती. आतलं सगळं गर्द हिरवं. पुढच्या बैठका फाटून स्प्रिंगा वर आल्या होत्या, दारांचे पॅड ओल खाऊन फुगले होते. मागची बैठक मात्र धड होती, आणि तिला हात लावायचा नाही, असं बाईंनी बजावलं. लहानपणी त्या तिथेच झोपून घरी यायच्या. नवं चामडं तिच्याशी असं जुळलं पाहिजे, की कुठलं नवं ते त्यांनाही ओळखू येऊ नये. "म्हणून तर तुमच्याकडे आले," त्या मास्तरांना म्हणाल्या. "तुमच्यासारखा डोळा दुसरा नाही, सगळे सांगतात."

मास्तरांनी मान लववली. सून सुया वेचत राहिली.

पुढच्या बैठकांचं चामडं मास्तरांनी रंगवलं. ते इतकं निळं उतरलं की एका हाताने भागेना. तिला दोन दुपारी लागल्या. शेवटी शेवटी तर मूळ रंग सापडताना तिचं तिलाच हसू फुटलं, शिट्टी वाजवावीशी वाटली. मग दोघांनी मिळून बैठका शिवल्या, नारळाच्या काथ्याचा थर बसवला, गाडीत चढवल्या. नवं आणि जुनं शेजारी ठेवलं तर एकाच जनावराचं वाटावं.

आणि मग मास्तर शेडच्या पायरीवरून पडले. पायरी दिसलीच नाही. हाड मोडलं नाही, पण सासूबाईंनी तो मुहूर्त साधला. आधी मास्तर ऑपरेशनला तयार होईनात. सासूबाई म्हणाल्या, "त्यांना भीती ऑपरेशनची नाही. डोळे आले तर बायको किती म्हातारी झाली ते दिसेल, याची आहे." मास्तर हसले आणि हसता हसता हो म्हणून बसले.

एका डोळ्याचं झालं. दुसऱ्याचं पुढे करायचं होतं.

डॉक्टरांनी मोकळं केल्यावर मास्तर शेडमध्ये आले ते लहान मुलासारखे. एक डोळा झाकत, मग दुसरा. भिंतीवरचा निळा डबा त्यांनी हातात घेऊन बघितला. हा असा होता? इतका निळा? या डोळ्याने बघितलं की मातकट, त्या डोळ्याने बघितलं की आकाश. सुनेचं शिवणयंत्र चालू होतं. टाका वाकडा गेला तो तिने उसवला नाही.

मास्तर गाडीत बसले. नव्या डोळ्याने पुढची बैठक बघितली, मागची बघितली. पुन्हा पुढची. "चोख आहे," ते म्हणाले. "आंधळ्याने केलं, पण चोख केलं." ते इतके खूश होते की तिला वाटलं, सुटलो. सगळं इथेच मिटलं.

दारांचे पॅड अजून रंगवायचे होते. त्यासाठी मास्तरांनी फळीवरून या गाडीची बरणी काढली. गळ्यातला तुकडा धरून ते गाडीशी गेले आणि बैठकीवर ठेवला.

तो तुकडा. बैठका तिने सुधारल्या होत्या, आणि आजवरची सगळी कामं. पण बरणी भरणं, तुकडा बांधणं हे मास्तर जेवायला जाण्याआधीच उरकून टाकत, आणि बांधलेल्या तुकड्याकडे तिने कधी ढुंकूनही बघितलं नव्हतं. गिऱ्हाईकाला तो दिसणार नव्हता.

हिरव्या बैठकीवर तो मोराच्या मानेसारखा निळा दिसत होता.

मास्तर बराच वेळ वाकून उभे राहिले. एक डोळा झाकला, उघडला. मग फळीकडे गेले आणि बरण्या उतरवू लागले. मदतीला ती उठली, तर त्यांनी हातानेच बस म्हणून खुणावलं. कातरायच्या मोठ्या टेबलावर त्यांनी बरण्या एकापुढे एक मांडल्या, जुन्या डाव्या हाताला, नव्या उजव्या. गाड्या वेगवेगळ्या, रंग वेगवेगळे, तपकिरी, मरून, राखी, हिरवा. पण डावीकडून उजवीकडे जाताना प्रत्येक रंगात निळा चढत गेला होता, भिंतीत ओल चढावी तसा. जागेवरून तिलाही तो दिसत होता.

मास्तरांचं बोट रांगेवरून सरकत एका राखी तुकड्यावर थांबलं.

"इथपासून?"

"एक आधीपासून, त्या मरूनपासून," ती म्हणाली.

ते खाली बसले. रागावले असते तर तिला बरं वाटलं असतं.

"त्या बाई नावाजत होत्या तो डोळा तुझा होता तर."

"बाबा, तुम्हाला वाईट वाटेल म्हणून मी..."

"वाईट तर वाटलं असतं," मास्तर म्हणाले. "दोन दिवस जेवलो नसतो. तिसऱ्या दिवशी डॉक्टरकडे गेलो असतो." त्यांनी तो राखी तुकडा उलटा करून ठेवला. "माझं कुठे चुकतंय हे मला सांगणारी एकच गोष्ट होती, माझं काम. ती तू रोज दुपारी पुसून टाकलीस. डोळ्यात पडदा आला तो देवाने दिला, पोरी. त्याच्यावर दुसरा तू टाकलास."

तिला म्हणायचं होतं की तुम्हीच म्हणाला होतात मला डोळा नाही. ते ओठापर्यंत आलं आणि तिच्या लक्षात आलं, की गप्प राहण्याचं हेही एक कारण होतं, नुसती दया नव्हे. रोज दुपारी ती त्यांना वाचवत होती आणि रोज दुपारी त्यांच्यावर मात करत होती, आणि यातलं कशासाठी ती गप्प राहिली ते तिला नीट वेगळं करता येईना.

घरातून सासूबाईंनी जेवायला हाक मारली. मास्तर उठले, पण घराकडे गेले नाहीत. त्यांनी वाटीत पॅडांसाठी रंग कालवला, तुकड्यावर ओढला, फुंकर घालून वाळवला आणि तिच्यापुढे धरला.

"बघ."

तिने उजेडात नेऊन बघितला. नवा डोळा चांगला होता, पण हात जुन्या सवयीने चालला होता. निळा केसभर जास्त. एरवी ती हो ना, बाबा, म्हणाली असती.

"निळा जास्त आहे," ती म्हणाली. त्यांच्यासमोर हे शब्द ती पहिल्यांदाच उच्चारत होती.

मास्तरांनी एका डोळ्याने बघितलं, दुसऱ्याने बघितलं. "मला कळत नाही," ते म्हणाले. "कळेनासं झालंय की फरकच नाही, तेही कळत नाही." मग वाटी तिच्याकडे सरकवली आणि खुर्ची ओढून बसले. "कर. माझ्यासमोर."

सासूबाईंची दुसरी हाक आली. सुनेने स्पंज घेतला. इतक्या दुपारी न चुकलेला हात अडखळला. पिवळा जास्त पडला, तो सावरताना तपकिरी. शिट्टी वाजवावीशी वाटणारी ती दुपार ही नव्हती. बऱ्याच वेळाने रंग जुळला, आणि जुळला हे तिला त्यांच्या चेहऱ्याकडे न बघताच कळलं.

तिने पॅडांचे तुकडे रंगवून दोरीवर टाकले. उरलेला रंग मास्तरांनी नव्या बरणीत भरला. तुकडा बुडवला, दोरा ओवला, गळ्याला गाठ मारली. बाकीच्या बरण्या एकेक करून फळीवर गेल्या, त्याच क्रमाने. ही मात्र त्यांनी रांगेत ठेवली नाही. ती तिच्या शिवणयंत्राशेजारी ठेवून ते जेवायला निघून गेले.

तो मान होता की हद्दपारी, हे तिला विचारवलं नाही. दोरीवर पॅडांचे तुकडे वाळत होते. त्यांच्याकडे बघत ती नुसती बसून राहिली. दुपारभर तिला हात लावण्यासारखं काही उरलं नव्हतं.