सात घरांची भाकर

"सकुबाय, आज भाकर सगळी पांढरी कशी?"

रोशन पास्टरांनी प्रभुभोजनाची भाकर हातात घेतली होती, पण मोडली नव्हती. मुरबाडकडच्या त्या आडगावातल्या पत्र्याच्या प्रार्थनाघरात जेमतेम अकरा माणसं बसली होती. सकुबाईने मान खाली घातली. खोटं बोलायची तिला सवय नव्हती, आणि आयुष्यात एकदा बोलली ते असं ताटात उघडं पडलं.

या मंडळीत पाव कधी आलाच नाही. महिन्याच्या पहिल्या रविवारची भाकर सात घरांच्या सात मुठींची असायची. शनिवारी सकुबाईने दारोदार जायचं, प्रत्येक घराने आपल्या हाताने मूठभर तांदूळ तिच्या पदरात घालायचा आणि तिने तो जात्यावर दळायचा. चार घरं कातकरीवाडीतली, त्यांचा तांदूळ रेशनचा, पांढरा. तीन घरं गावातली, काळूरामचं आणि त्याच्या दोघा भावांचं, त्यांचा घरच्या शेतातला तांबडा. भाकरीत लाल कण उठून दिसायचे. जन्म वीटभट्टीवर काढलेल्या त्या कातकरी विधवेला गावातल्या दाराशी हक्काने उभं राहता यायचं ते या कामामुळे, आणि त्याचा तिला अभिमान होता.

गेल्या महिन्यात काळूरामने हेका धरला, प्रभुभोजनाला सगळ्यांत एकच पेला फिरवू नका, प्रत्येकाला वेगळा द्या. आजारपणाचं निमित्त केलं. पण सकुबाई प्यायली की तोच पेला त्याच्याकडे जायचा, हे न कळायला कुणी दूधखुळं नव्हतं. पास्टर बधले नाहीत. तिन्ही घरं यायची थांबली.

"काल तू म्हणालीस, येत नाहीत पण मूठ घातली," पास्टर हळू आवाजात म्हणाले.

"मी गेलेच नाय. त्यांच्या आळीपरयंत गेले न् परत फिरले. माझ्यापायी गेले ना ते? मग तीन मुठी माझ्याच डब्यातल्या टाकल्या. म्हटलं, भाकर तरी मोडाया नको कमी घरांची."

पास्टरांनी भाकर ताटात ठेवली, वर फडकं टाकलं.

"मग ही सातांची नाही, सकुबाय. आधी विचारून ये. नाही म्हणाले तर नाही. आम्ही बसतो."

सकुबाई निघाली. काळूराम नाही म्हणाला तर तो मंडळीतून तुटलाच, हे तिला कळत होतं.

तिन्ही घरांत शब्द चालायचा तो त्याचाच. तो ओट्यावर बसला होता. तिला पाहून त्याने नजर वळवली.

"काळूदादा, मूठ न्याया आले."

 तो उठून आत गेला. सकुबाईच्या जिवात जीव आला. तिने पदर पसरला.

तो सूपभर तांबडा तांदूळ घेऊन आला. ओट्यावरूनच वाकून त्याने सगळा तिच्या पदरात ओतला आणि रिकामं सूप खाली ठेवलं.

"ने. आठ दिवस खाशील. मंडळीला नाय देत, तुला देतो. तुझ्याशी काय आमचं वैर नाय."

"मला नको, दादा. मला मूठ पायजे होती."

"तांदूळ तोच हाय ना गो?"

"तांदूळ तोच हाय."

त्याला खरंच कळलं नाही, की त्याने कळून घेतलं नाही, कोण जाणे. आपण दिलं, यातच तो समाधानी दिसत होता. सकुबाईला रडू आलं नाही. तिला लाज वाटली, आणि तीही त्याचीच.

ती पायरीवर टेकली. सूप ओढून तिने पदर त्यात रिकामा केला. लुगड्याच्या काठाला काही दाणे चिकटून राहिले होते, तेही घाई न करता बोटांनी टिपून सुपात टाकले. काळूराम "राहू दे गो, राहू दे" म्हणत होता. शेवटचा दाणा टाकून ती उठली, पदर नीट खांद्यावर घेतला आणि वाट बघत बसलेल्या अकरा माणसांकडे चालू लागली.