खाद्याच्या गाडीचा सायलेन्सर

मी सायलेन्सर बोलतोय. इंजिन बंद आहे, म्हणून तर तुम्हाला ऐकू येतंय.

माझा जन्म सातपूरच्या एका शेडमध्ये झाला. पत्रा वळवला, पोटात भोकाभोकांच्या नळ्या बसवल्या, वर चंदेरी रंग फासला आणि शेखरच्या ट्रकखाली मला टांगलं. तेव्हापासून इंजिनाचा राग पोटात घ्यायचा आणि धूर तेवढा मुकाट्याने बाहेर सोडायचा, हेच माझं काम.

शेखर कोंबड्यांचं खाद्य पोचवतो. घोटीच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याशी चतुराबाईंची पोल्ट्री आहे. तिथे आमची कायमची खेप. कोंबडीची पिल्लं फार भित्री. दचकली की सगळी एका कोपऱ्यात पळतात, एकमेकांच्या अंगावर चढतात आणि खालची गुदमरून मरतात. म्हणून बाईंनी आधीच बजावलेलं, की आवाज करणारी गाडी माझ्या दारात नको. मला त्याचा अभिमान वाटायचा. माणसं केबिनला गोंडे लावतात, दसऱ्याला बॉनेटला हार घालतात. माझ्याकडे वाकून कोणी बघत नाही. या एका दारात मात्र माझ्यावाचून गाडीला प्रवेश नव्हता.

शेखरचं तेवढ्याने समाधान झालं नाही. आवाज आणखी बसावा म्हणून त्याने भांडी घासायच्या तारेच्या घासण्या आणल्या आणि माझ्या मागच्या नळीतून काठीने पार आत ठोसल्या. आवाज बसला. तो खूश झाला आणि विसरूनही गेला. इकडे घासण्यांत काजळी साचत गेली आणि माझा श्वास कोंडू लागला.

गाडी चढाला दमायला लागली. शेखरने फिल्टर बदलला, पंप तपासला, डिझेलला शिव्या घातल्या. शेवटी एका दुपारी भरलेली गाडी पोल्ट्रीच्या चढावर, शेडला लागूनच थांबली. घोटीहून सावळीराम मिस्त्री आला. धूर बघून म्हणाला, सायलेन्सर चोंदलाय. पुढचा जोड खोलून गाडी रेस करून बघू. ओढ आली तर हा कापून सरळ पाईप टाकू. त्याने पाना लावला. मी मनात भंगारवाल्याचा काटा बघून घेतला.

तेवढ्यात चतुराबाई आल्या.

"सावळीराम, हात काढ. कालच पिल्लं उतरवलीत. तू हितं तोफ उडवलीस, तर आत ढीग पडंल."

"मग काय गाडीच्या छातीला कान लावू, मावशी?"

"काय लावायचं ते लाव, पण आवाज नाय झाला पाहिजे. आन् शेखर, सरळ पाईप टाकलास तर माझं दार बंद. तू मला पोरासारखा हायेस, पण पिल्लं बी माझीच हायेत."

सावळीरामने पाना ठेवला. मी गार झाल्यावर त्याने माझ्या पुढच्या पाईपला बारीकसं भोक पाडलं, आटे पाडून धुराचा दाब दाखवणारा लांब नळीचा प्रेशर गेज जोडला आणि डायल केबिनमध्ये घेतला. जोड सगळे जागच्या जागी. मग गाडी पहिल्या गिअरमध्ये हळूहळू चढावर घेतली. काटा सरसर वर गेला आणि वरच राहिला. म्हणजे कोंडी माझ्यातच होती, हे कुणालाही न दचकवता कळलं.

मागच्या नळीत आकडा घालून त्याने ओढलं, तर काळाकुट्ट गोळा बाहेर आला. सावळीरामने तो झटकून उलटसुलट केला.

"शेखर, घरी बायको भांडी कशानं घासती रे?"

शेखरला हसावं की लपावं ते कळेना. पिल्लांसाठीच केलं होतं, असं तो पुटपुटला. चतुराबाई पदर तोंडाला लावून हसल्या. मग हळूच म्हणाल्या, "अरे, गप्प करायचं म्हंजे नरडं नाय दाबायचं, बाबा."

सगळ्या घासण्या निघाल्यावर भोकात बोल्ट बसला. गाडी दुसऱ्या गिअरमध्ये चढ चढली. शेडमधली पिल्लं दाणे टिपत राहिली. एकानेही मान वर केली नाही. माझ्या आयुष्यात याहून मोठी शाबासकी मला मिळालेली नाही.

आता मी जुना झालोय. पोटाला गंज आहे, एक ठिगळ आहे, पण मोकळा श्वास घेतो आणि सुखात आहे. गाडीवाल्यांनो, एवढंच मागतो: गाडी ओढेनाशी झाली तर कटर उचलण्याआधी दाबाचा काटा लावून बघा. आमच्यातला अडथळा काढा, आम्हाला काढू नका. रस्त्याच्या कडेला नेहमी कुणीतरी लहान, भित्रं निजलेलं असतं.