लोकरीचा बोळा

डॉक्टरसाहेब, तुम्ही खोटं लिहून दिलंत. चौऱ्याण्णव साली पाच वर्षांची निर्मला तुमच्या टेबलाखाली कान दाबून बसली होती. तिच्याकडे धड न बघता तुम्ही खरडलंत: मतिमंद, सुधारणा होणार नाही. स्वमग्न हा शब्द तुम्हाला ठाऊक नव्हता, की लिहायचा कंटाळा आला?

पिंपळवंडीच्या बानूबाईनं तुमचा कागद देवाचा कौल मानला. पोरगी वाट फुटेल तिकडं जायची, हाक मारली तरी वळायची नाही. घर मेंढ्या राखणारं. मेंढीच्या गळ्यात बांधतात तसली घंटी आईनं पोरीच्या कमरेला बांधली. ती वाजत राहिली की बानूबाईचा जीव थाऱ्यावर. अशी नऊ वर्षं गेली.

मग एके दिवशी, दिवस कलताना भाकरी थापता थापता तिचा हात थांबला. घंटी वाजत नव्हती. निर्मलाची नाही, मेंढ्यांचीही नाही. तीनच दिवसांपूर्वी शेजारच्या उसातून बिबट्यानं कोकरू नेलं होतं.

"निर्मेऽऽ!"

"कुटं पळाली तुजी येडी?" जाऊ साळुबाई ओट्यावरून म्हणाली. "बिबट्यालाबी परत आनून द्यावी लागंल ती."

"त्वांड मीट, बाई!"

बानूबाई उसाच्या कडेनं धावत सुटली. पाचट वाजलं की तिकडं वळायचं. सरीत डोकवायचं आणि रक्त दिसेल म्हणून डोळे मिटायचे.

बांधावरच्या बाभळीखाली निर्मला उभी होती. अंगावर ओरखडा नाही. मेंढ्या तिला खेटून गप. प्रत्येकीच्या घंटीत लोकरीचा बोळा कोंबलेला. तिच्या स्वतःच्या घंटीतही.

"आगं, ह्ये कुनी केलं?"

आईकडे न बघता निर्मलानं उसाकडे बोट केलं. मग हुबेहूब बापाच्या सुरात म्हणाली, "आवाजावर येतंय त्ये. आवाजावर येतंय."

तिचा बाप जानकू हे परवा जेवताना बोलला होता. पोरीशी नव्हे. तिच्याशी कोण बोलतं?

पोरगी धड सापडली होती, तरी बानूबाईनं पुढं केलेला हात मागं घेतला. जेवताना त्या घरात आणखीही बोललं गेलं होतं. "हिला डिंभ्याच्या धरणाकडं सोडून आलो, तर कुनाला कळनार हाय?" हे जानकूचं नव्हतं, साळुबाईचंही नव्हतं. ते बानूबाई स्वतः म्हणाली होती. दोन वर्षांमागं. निर्मला शेजारी बसून भाकरी कुस्करत होती.

आता ती पुढं चालत होती, घंटी मुकी. चार पावलं मागं तिची आई; पोरीचा हात धरायची तिची छाती होईना.

साहेब, तुमच्या सहीचा कागद अजून ट्रंकेत आहे. पोरीला कधीपासून कळत होतं? बोला.