हिलेवीचं ‘ओर्कर’

मित्रांनो, मी आहे एक जुनी घसरगाडी. पुढे बसायला लाकडी पाट, खाली दोन लांब लोखंडी पट्ट्या. मागे उभं राहून एका पायाने जमीन रेटली, की मी बर्फावरून सुसाट सुटते. उत्तर स्वीडनच्या एका खेड्यात लोहाराने मला घडवलं आणि नव्या नवरीच्या, हिलेवीच्या हाती दिलं.

तिथे दिवसभर एक शब्द कानावर पडतो, ‘ओर्कर’. म्हणजे झेपतं, अंगात बळ आहे, मनातही आहे. कॉफीबरोबर अजून एक बन जाईल का, हेही त्याच शब्दाने विचारतात.

पाटावर पिठाचं पोतं ठेवून सासू विचारायची, “ओर्कर का गं?”

“ओर्कर!” म्हणत हिलेवी मला रेटायची. तो शब्द मला माझाच वाटायचा.

मग म्हातारपणी तिचं खुब्याचं हाड मोडलं आणि घरात चाकांचा वॉकर आला. तो चुलीच्या उबेला, मी लाकडांच्या खोपटात. माझा नुसता जळफळाट! अंगणात त्याच्या मुठी धरून ती लेकीला सांगायची, “ओर्कर गं, ओर्कर.” माझा शब्द त्याला!

एका हिवाळ्यात तळ्यापलीकडची तिची बालमैत्रीण वाल्बोर्ग अंथरुणाला खिळली. हिलेवी वॉकर घेऊन निघाली. फाटकाशीच चाकं बर्फात रुतली. मी मनातल्या मनात टाळ्या पिटल्या. तेवढ्यात ती कोसळली, आणि माझ्या काळजाचं पाणी झालं.

शेजारचा रूने धावत आला. “उठायला ओर्कर का?”

“ओर्कर,” ती सवयीने म्हणाली. पण उठेना. मग अगदी हळू म्हणाली, “ओर्कर इंते, रूने. नाही झेपत.”

हे तिच्या तोंडून मी प्रथमच ऐकत होते.

“मग आधी सांगायचं की! जिभेला बर्फ लागला होता काय?” रूनेने मला खोपटातून ओढून काढलं, तिला पाटावर बसवलं.

“त्यालाही घे,” ती म्हणाली. “वाल्बोर्गच्या घरात लागेल.”

घडी घातलेला वॉकर तिच्या मांडीवर आला. माझ्या वैऱ्याला मीच वाहायचं! गोठलेल्या तळ्यावरून रूनेने आम्हां तिघांना रेटलं.

वाल्बोर्गच्या दारी मी बाहेरच राहिले. वॉकर तिला थेट मैत्रिणीच्या खाटेपर्यंत घेऊन गेला. मला उंबराही ओलांडता येत नाही. हेवा वाटलाच, खोटं कशाला बोलू? पण आतून दोन म्हाताऱ्यांचं हसू आलं, तेव्हा त्याच्यावाचून हे झालं नसतं, हे मला कबूल करावं लागलं.

मित्रांनो, कुणी ‘झेपतं’ म्हणालं, तरी त्याच्या थरथरत्या गुडघ्यांकडे एकदा बघा. आणि खोपटात आमच्यासारखं कुणी पडलं असेल, तर गंज चढण्याआधी थोडं तेल लावा.