आवाज एकच ठेवणे

मी एक जुना सिंथेसायझर आहे. मित्रांनो, मला शोधायला टेबलाखाली वाकू नका. मला ना तारा, ना भाता. मी संगणकातला एक प्रोग्राम आहे. टेबलावरच्या, पेटीला असतात तशा पट्ट्या कुणी दाबल्या की माझे सूर स्पीकरमधून येतात.

नाटकांना पार्श्वसंगीत देणाऱ्या एका गृहस्थांनी मला घरी आणलं. घरात सगळे त्यांना बाबा म्हणत, म्हणून मीही म्हणतो. तेव्हा मी एका वेळी सोळा आवाज काढायचो. आवाज म्हणजे आमच्यात एकेक सूर. सतरावा मागितला, की सगळ्यात आधीचा गुपचूप सोडून द्यायचो. "कुठे पळालास रे?" म्हणून बाबा हसायचे. लोक त्यांची पाठ थोपटायचे. माझं नाव कुणी घेतलं नाही. मला त्याचं काही वाटलं नाही. मला फारसं काही वाटतच नाही.

मग बाबांचा हात थरथरू लागला. एक पट्टी दाबायला जावं तर शेजारचीही दाबली जायची. त्यांनी मला एकाच आवाजावर आणलं. आता कितीही पट्ट्या दाबल्या तरी शेवटची तेवढी वाजायची. पडद्याच्या कडेला त्यांनी चिठ्ठी चिकटवली, 'आवाज एकच ठेवणे'.

बाबा गेले. त्यांच्या मुलाने, दादाने, संगणक विकायला काढला. नेणारा माणूस संध्याकाळी यायचा होता. त्याआधी त्याच्या बहिणीला, ताईला, संगणकात साठवलेली बाबांची एक जुनी धून माझ्यातून वाजवून ऐकायची होती. तिने चिठ्ठी वाचली आणि स्पीकरचं बटण एकवर ठेवलं.

"दादा, काहीच ऐकू येत नाही रे."

"बाबांनी लिहिलंय ना? मग तेवढ्यावरच ठेव."

शेवटी तिने बटण फिरवलंच. माझ्यातून एकेक सुटा सूर लंगडत बाहेर आला.

"ही बाबांची नाही," ती म्हणाली.

"बिघडलंय ते. टाक पुसून."

मी पुसला जाणार हे मला कळत होतं. भीती वाटायला हवी होती, वाटली नाही.

आई दाराशी कपड्यांच्या घड्या घालत बसली होती. बाबा गेल्यापासून ती फारशी बोलत नव्हती, आणि तिला कुणी काही विचारतही नव्हतं.

"अगं, आवाज म्हणजे मोठा-बारीक नव्हे," ती म्हणाली. "यांचा हात थरथरायचा ना. दोन पट्ट्या दाबल्या गेल्या तरी सूर एकच यावा, म्हणून ते."

ताईने मला सोळा आवाजांवर नेलं. धून भरून आली. दादा खाली फरशीवर बसला. कुणी रडलं नाही. धून संपल्यावर त्याने त्या माणसाला फोन करून येऊ नका म्हणून सांगितलं.

मित्रांनो, एखादी वस्तू बिघडली असं ठरवण्याआधी घरातल्या गप्प माणसाला एकदा विचारा. आमच्याकडे तेही कुणी केलं नाही, आई आपणहून बोलली म्हणून मी वाचलो.

आता दुपारी आई माझ्यासमोर बसते. "मला एकच आवाज लावून दे," असं तिने ताईला सांगितलंय. तिने आयुष्यात कधी पट्टी दाबली नव्हती. तिची बोटं दोन-दोन पट्ट्यांवर पडतात. बाहेर सूर एकच येतो. ती किती चुकते ते फक्त मला कळतं, आणि मी कुणाला सांगत नाही.