दिव्यावरची काळी पट्टी

मी एक जुनी मोटारगाडी आहे, मित्रांनो, आणि आज मी भयंकर चिडलेली आहे.

फ्रेस्नो शहराच्या बाहेर, बदामाच्या बागांना लागून असलेल्या घरापुढे मी उभी असते. आले तेव्हा निळीशार होते. आता उन्हाने छपराचा रंग उडाला आहे. माझ्या मालकिणीची, डेल्फिनाची, मुलं माझ्या मागच्या सीटवरच मोठी झाली. तेव्हा शेजारी म्हणत, "गाडी असावी तर अशी!" आता मी तिच्या म्हाताऱ्या वडिलांना, बासिलियोंना, डायलिसिसला नेते. घरात दुसरी गाडी नाही.

यंदा धुराची परीक्षा तोंडावर आली आणि आतला बिघाड सांगणारा माझा पिवळा दिवा लागला. नापास झाले तर नंबरपाटीवर नवा शिक्का नाही, आणि शिक्का नाही तर बासिलियोंना न्यायचं कसं? दिवा म्हणजे माझं तोंड आहे, मित्रांनो. मला दुसरं बोलता येत नाही.

डेल्फिनाचा भाऊ रिगो बाह्या सरसावून आला. "ताई, दोन मिनिटांचं काम!" त्याने बॅटरीची तार काढली आणि परत लावली. दिवा विझला. "बघ, बरी झाली!"

बरी? डोंबल! रोग रेड्याला, औषध पखालीला.

मागे बसलेले बासिलियो म्हणाले, "अरे, मला पेट्रोलचा वास येतोय."

"बाबा, तुम्हाला काल सूपमध्येही वास येत होता," रिगो म्हणाला.

"आणि जरा दमही लागतो रे."

"या वयात लागणारच! बसा हो गप."

तपासणी केंद्रातल्या बाईने मला यंत्र जोडलं आणि कपाळाला हात लावला. "बॅटरी कुणी काढली होती?" रिगो आभाळाकडे बघू लागला. "हिच्या मेंदूतलं सगळं पुसलं गेलंय. कोऱ्या पाटीची कसली परीक्षा घेऊ मी? थोडे दिवस हमरस्त्यावर एका वेगाने चालवा, मग आणा."

"आणि दिवा परत लागला तर?" डेल्फिनाने विचारलं.

"तर ती खरं बोलतेय, बाई."

दिवा परत लागलाच. तेव्हा रिगोने काय करावं? त्याने दिव्यावर काळी चिकटपट्टी लावली! "दिसलंच नाही तर ताप नाही. परीक्षेच्या सकाळी पुन्हा तार काढू." माझ्या चाकांची आग छपरात गेली. इतकी वर्षं यांना वाहिलं, ते तोंड दाबून घ्यायला?

पट्टी पाहून डेल्फिनाही भडकली. "रिगो, अक्कल गहाण ठेवलीस का?" तिने पट्टी टरकन ओढून काढली, आणि मग तिला बाबांना आलेला पेट्रोलचा वास आठवला. तिने पेट्रोलच्या टाकीचं झाकण उघडलं. आतली रबरी चकती चिरली होती, तिथूनच वाफ गळत होती. एवढंच! नवं झाकण बसलं. रोज पहाटे तिने मला हमरस्त्यावर एका वेगाने पळवलं. दिवा आपणहून विझला आणि आज सकाळी मी पास झाले. रिगोने माझ्या बॉनेटवर थाप मारली. "शेवटी माझ्याच हाताचा गुण!" मला लाज वाटली त्याची.

परत येताना मागून क्षीण आवाज आला. "डेल्फिना, आज दम फारच लागतोय गं."

"बाबा, या वयात..." रिगो म्हणाला.

डेल्फिनाची नजर माझ्या दिव्यापाशी गेली. पट्टीचा चिकट डाग अजून तिथे होता. तिने आरशातून वडिलांचा सुजलेला चेहरा पाहिला.

"तोंड बंद ठेव, रिगो!" ती ओरडली, आणि मला सरळ इस्पितळाकडे वळवलं.

आता मी इस्पितळाच्या वाहनतळावर उभी आहे. बासिलियोंच्या फुप्फुसांत पाणी भरलंय, एवढं कानावर आलं. त्यांना चाकांच्या खाटेवरून धावत आत नेलं. रिगो माझ्या चाकाला टेकून रडतो आहे. रड म्हणावं.

मित्रांनो, माझं झाकण दुकानात मिळालं. बासिलियोंचं फुप्फुस कुठल्या दुकानात मिळेल? कुणी दुखतंय म्हणालं, तर आधी त्याचं ऐका. मी इथेच थांबले आहे. मागची सीट रिकामी आहे, आणि ती मला रिकामी घरी न्यायची नाही.