गिटारीखालचा आवाज

सापगावच्या रितेशनं ‘काळडोह’ हा बँड उभा केला, तेव्हा शहापूर-मुरबाडात डूम मेटल हे नाव कुणाच्या कानावरून गेलं नव्हतं. तारा सैल सोडून पार खालच्या सुरात लावलेली गिटार आणि अंत्ययात्रेच्या पावलांनी सरकणारं गाणं. ड्रम वाजवायला भातसानगरची कुणाली आली. बंद पडलेल्या भातगिरणीत तालीम व्हायची. चाली सगळ्या रितेशच्या. गाणारा मिळेना, म्हणून कुणालीनं आपल्या वर्गातल्या, उंबरमाळीकडच्या पाड्यावरच्या भगीरथला आणलं. त्यानं तोंड उघडलं आणि कुणालीच्या काठ्या हातातच राहिल्या. रितेशच्या डोळ्यांत तो त्या दिवसापासूनच खुपू लागला.

सहा वर्षांत तीन कार्यक्रम झाले, एक कॅसेट निघाली. मुरबाडच्या कार्यक्रमाला एकोणीस माणसं होती. जाताना सगळी भगीरथचा हात हातात घेऊन गेली. कॅसेटचं मिक्सिंग रितेशनं एकट्यानं केलं आणि भगीरथचा आवाज गिटारीखाली पुरला.

तरी बंगळुरूच्या महोत्सवाचं बोलावणं आलं ते त्या आवाजालाच. ‘दबलाय, पण असा आवाज आम्ही ऐकला नव्हता.’ गिटारीबद्दल अवाक्षर नाही. बँडची मेल रितेशच बघायचा. त्यानं उत्तर धाडलं, ‘आमच्या गायकानं बँड सोडला.’ ‘मग राहू द्या,’ एवढंच परत आलं.

महिन्याभरानं आयोजकांनी कुणालीला शोधून विचारलं, बँड सोडल्यावर भगीरथ हल्ली कुठं गातो? ती त्याला घेऊन तडक गिरणीत आली.

“तू असं लिवलंस?” तिनं विचारलं.

“लिवलं,” रितेश म्हणाला.

भगीरथ ओट्यावर बसला. “कॅसेटीत माझा आवाज दाबलास, ते मला तवाच कळलं व्हतं. वाटलं, या गाण्याची रीतच असंल. तुला यातलं जास्त कळतं, म्हणून इचारलं नाय.”

त्यानं शिवी घातली असती तर रितेशला परवडलं असतं. “चाली माझ्या हायेत रे!” तो ओरडला. “सगळ्या माझ्या! नि लोकं तुझ्याकडं बघतात!”

“तुझ्याच हायेत. मी कुठं नाय म्हनलं?”

बँड तिथंच मोडला. त्या दोघांनी कल्याणचा एक गिटारवाला घेतला आणि बंगळुरूचं पक्कं केलं. निघायच्या दोन दिवस आधी कुणालीचा फोन आला.

“दुसऱ्या गान्याला तारा कशा लावतोस? याला जमत नाय. भगीरथचा सूर चुकंल.”

वाटेल ते सांगितलं असतं तरी तिला कळलं नसतं. पण रितेशनं गिटार मांडीवर घेतली, एकेक तार वाजवून दाखवली, त्या पोराकडून दोनदा वाजवून घेतली. दुसऱ्या वेळी चाल जुळली आणि पलीकडून भगीरथनं सहज सूर धरला. मोकळा, भरलेला, गिटारीच्या कितीतरी वर. रितेशच्या अंगावर काटा आला आणि छातीत आग पडली, दोन्ही एकदमच.

“बरोबर हाय,” तो म्हणाला आणि फोन ठेवला. आईनं जेवायला हाक मारली. तो नाय म्हणाला.